वेबसाईट अमावस्येला बंद राहील

सिद्रामप्पांची वेबसाईट अमावस्येला बंद असायची. बंद पडायची नव्हे. मुद्दाम बंद ठेवली जायची, आणि ती बंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या संध्याकाळी मी मोडेम लावायची. तो किंचाळत, खाकरत कसाबसा जोडला जायचा. कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की तुटायचा. पुन्हा लावायचा. मग डाळीच्या फोटोंच्या जागी एक कोरं पान चढवायचं, त्यावर एवढंच: 'आज अमावस्या. मिल बंद आहे. उद्या यावे.' अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तोच उपद्व्याप उलटा. यात लातूरचं भारनियमन धरलं, तर एका अमावस्येपायी माझे दोन दिवस नासायचे.

"अप्पा," मी पहिल्याच महिन्यात त्यांना म्हणाले, "वेबसाईटला अमावस्या नसते."

"मोंढ्याला हाय ना? अमावशेला धान्यबाजारात हमाल पोत्याला हात लावत न्हाईत. मोंढा बंद, काटा बंद, मिल बंद. मंग साईटच कामून चालू?"

"साईट पोती उचलत नाही, अप्पा."

"आन् त्या दिवशी कुणी ऑर्डर दिली तर? आपण दार उघडं ठिवायचं आन् आत माणूसच न्हाई! ही काय इज्जतीची गोष्ट हाय का?"

इज्जत हा त्यांचा लाडका शब्द. "इज्जतीत करू" म्हणजे घाई करायची नाही. "इज्जतीत सांग" म्हणजे आवाज चढवू नको. आणि "इज्जतीत बसू" असं म्हणून ते खुर्चीत टेकले, की दुपारपर्यंत उठत नाहीत हे मी समजून घ्यायचं.

मी मूळची नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले. नवरा कॉलेजात शिकवायला जायचा, आणि मी गंजगोलाई चौकाजवळच्या एका माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला होता. इंटरनेट तेव्हा तासावर मिळायचं. सकाळी मुलं टायपिंग शिकायची, संध्याकाळी कुणी निकाल बघायला, कुणी दुबईतल्या भावाला मेल करायला यायचं. 'वेबसाईट बनवून मिळेल' असा एक फलक मी हौसेनं जिन्याशी लावला होता. तो वाचून वर आलेलं पहिलं आणि बराच काळ एकुलतं एक गिऱ्हाईक म्हणजे सिद्रामप्पा.

पांढरं धोतर, पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, आणि शर्टाचे दोन्ही खिसे डाळीच्या कागदी पुड्यांनी फुगलेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चपला बाहेर काढून ते आत आले, कॉम्प्युटरकडे बघून हात जोडले, आणि माझ्यापुढे एक पुडी सोडली.

"चावून बघ, अक्का."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला अक्काच म्हटलं. उदगीरकडच्या त्यांच्या घरात निम्मं कानडी चालायचं. मी तुरीच्या डाळीचा कच्चा दाणा चावला आणि चांगला आहे म्हणाले. मला त्यातलं शष्प कळत नव्हतं. पण त्या एका शब्दानं मी त्यांच्या तावडीत सापडले ती सापडलेच. पुढे ते येतील तेव्हा पुडी सुटायची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर डाळ ठेवली जायची, आणि त्यातले दाणे हमखास कीबोर्डात जाऊन बसायचे. माझ्या क्लासच्या कीबोर्डाची स्पेसची पट्टी वर्षभर तुरीच्या डाळीनं अडलेली होती. मुलं टायपिंगच्या परीक्षेत सगळे शब्द एकमेकांना चिकटवून यायची.

त्यांची डाळमिल औशाच्या रस्त्याला होती. जुनी मशिनं, पत्र्याची शेड, पुढं तूर वाळवायचं मोठं अंगण. मिलचं नाव 'गौरव्वा दाल मिल'. गौरव्वा म्हणजे अप्पांची आई. तिनं उदगीरला जन्मभर जात्यावर लोकांच्या डाळी भरडल्या. सावकाराची तूर यायची, डाळ होऊन सावकाराच्या नावानं जायची. "आमच्या मायची डाळ लोकं नावाजायचे," अप्पा सांगायचे, "पर नाव घ्यायचे दुसऱ्याचं." त्यांनी मिल काढली, तिला आईचं नाव दिलं, आणि पोत्यावर ठळक अक्षरांत छापलं. मग कळलं की त्यानंही काही होत नाही. डाळ हैदराबादला, मुंबईला जायची, तिथले व्यापारी ती आपल्या पिशव्यांत ओतायचे, आणि गौरव्वाचं पोतं पाय पुसायला नाहीतर म्हशीच्या पाठीवर टाकायला वापरलं जायचं.

त्यांचा मुलगा बसवराज नांदेडला बांधकामाच्या धंद्यात होता. शांत, कामापुरतं बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं: आजूबाजूला रंग बघून दाणा निवडणारी मोठी मशिनं आली, आपल्या मिलचा निभाव लागायचा नाही, ती मोडू आणि जागेचे प्लॉट पाडू. बरीच भांडणं होऊन बाप-लेकांत एक करार झाला होता. पुढची नवी तूर मोंढ्यात येईपर्यंत बाहेरगावची एक मोठी ऑर्डर गौरव्वाच्या नावानिशी आली, तर मिल राहील. नाही आली, तर अप्पांनी मुकाट्यानं किल्ल्या द्यायच्या.

ती ऑर्डर इंटरनेटवरून येणार, असं अप्पांनी ठरवून टाकलं होतं. कुणाच्या तरी भाच्यानं त्यांना सांगितलं होतं की कॉम्प्युटरवर जग दुकान बघतं. जग बघणार म्हणजे मधला व्यापारी नाही, आणि मधला व्यापारी नाही म्हणजे आपलं पोतं थेट स्वयंपाकघरात. हिशोब चुकीचा नव्हता. अजूनही नाही. पण तो हिशोब घेऊन हा माणूस जे काही करायचा, ते बघून माझं डोकं उठायचं.

पहिलं भांडण झालं भावावरून. मी डाळीचे फोटो लावले, खाली किलोचा भाव लिहायला जागा सोडली, आणि भाव विचारला. अप्पा दचकून मागे बघायला लागले. क्लासमध्ये एक पोरगी टायपिंग करत होती, तिच्या कानावर तर गेलं नाही ना!

"भाव लिहायचा न्हाई, अक्का."

"मग लोक डाळ घेणार कशी?"

"इचारतील की."

"कसं विचारतील?"

"यीऊन. भाव काय असा भिंतीवर लिहायची गोष्ट हाय का? समोर बसायचं, च्या प्यायचा, रुमालाखाली हात घालायचा. माझ्या मनातलं त्याला कळतं, त्याचं मला. तिसऱ्याला पत्ता लागत न्हाई."

गुरांच्या बाजारात आमच्याकडे अजून हे चालतं. अप्पांच्या वयाच्या व्यापाऱ्यांत धान्यालाही चालायचं. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून आकडा सांगायचा. मी म्हटलं, "अप्पा, अमेरिकेतल्या माणसानं रुमालाखाली हात कसा घालायचा?"

"लातूरपर्यंत यीऊ दे त्याला. फुडं मी जीप धाडतो."

भावाची जागा तशीच कोरी राहिली. मग पाण्याचं निघालं. साईटवर किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा तळाशी असायचा. तेव्हा त्याची फार अपूर्वाई होती. अप्पांना तो दाखवला तर खुश व्हायचं सोडून ते कष्टी झाले. "इतकी लोकं आली? आन् कुणी काही बोललं न्हाई? पाणी तरी इचारलं का तू?" आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात हे खरं. पण ते साईटवर? तासभर वाद घालून मी हरले. साईट उघडली की आधी पितळी तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा असा फोटो यायचा, त्या तांब्यावर टिचकी मारली की मगच डाळ दिसायची. तो फोटो इतका जड झाला की उघडायला एक युग लागायचं. माणसं तांब्याचं तोंड दिसेपर्यंत थांबायची आणि निघून जायची. मी हे अप्पांना आकड्यानिशी दाखवलं. ते म्हणाले, "ज्याला पाण्यापुरती बी सवड न्हाई, तो डाळ काय शिजवून खाणार?"

आणि जाहिरात! तिच्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साईटचा पत्ता त्यांनी मिलच्या भिंतीवर रंगवला, टेम्पोच्या पाठीवर रंगवला, तूर वाळवायच्या ताडपत्रीवर रंगवला. पुतणीच्या लग्नपत्रिकेत, सगळ्या सोयऱ्यांच्या नावांखाली, 'आपले नम्र' याच्या लगेच वर तो पत्ता छापून आला. नवऱ्या मुलाकडचे चक्रावले. त्यांना वाटलं हे कुणी मोठे पाहुणे आहेत. जळकोटच्या एका शेतकऱ्यानं टेम्पोमागची ती इंग्रजी अक्षरं बघितली, तुरीचं नवीन वाण आलं म्हणून मिलवर आला, आणि बियाण्याची पिशवी मागत बसला. अप्पांनी त्याला जेवू घातलं आणि माझ्याकडे पाठवलं. मी त्या बिचाऱ्याला अर्धा तास इंटरनेट म्हणजे काय ते सांगितलं. जाताना तो म्हणाला, "समजलं बाई, पर एकरी उतारा काय देतं?"

अशातच नांदेडला व्यापाऱ्यांसाठी एक मेळावा निघाला. इंटरनेटवर धंदा कसा करावा, असा विषय. मला वाटलं, माझं ऐकत नाहीत, बाहेरच्या तज्ज्ञाचं तरी ऐकतील. जीप ठरवून आम्ही निघालो. अप्पांनी चाकूरला गाडी थांबवून चहाच्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर आपली कार्डं वाटली. अहमदपूरला तेच. लोह्याला हॉटेलवाल्यानं विचारलं, "कोणत्या पक्षाकडून उभं राहिले काका?" नांदेडला पोचेस्तोवर मी मनातल्या मनात वेबसाईटचा धंदा सोडला होता.

हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवत एक टायवाले गृहस्थ छान बोलत होते. गिऱ्हाईक क्षणात ठरवतं, भाव पहिल्या पानावर हवा, पान झटकन उघडायला हवं. मी अप्पांना कोपरानं ढोसत होते. अप्पा मान डोलवत होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर हेच आधी उठले.

"साहेब, तुम्ही लई चांगलं सांगून राहिले. पर ह्या कॉम्प्युटरमधून डाळ चावून कशी बघावी?"

हॉल हसला. गृहस्थही हसले, म्हणाले, तेवढं अजून जमत नाही. "मंग तोवर हे," असं म्हणून अप्पांनी खिशातल्या पुड्या काढल्या आणि रांगेरांगेनं डाळ वाटत सुटले. लाल गालिच्यावर दाणे सांडले. व्यवस्थापक धावत आला. माझे वडील मुलीचं कौतुक बघायला मुद्दाम आले होते. ते मागच्या रांगेत डाळ चावत बसलेले मला दिसले. मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात होते.

पण त्या हॉलमध्ये हैदराबादहून आलेला एक माणूस होता. किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीसाठी तो माल घ्यायचा. श्रीनिवास त्याचं नाव. त्यानं दाणा चावला, दुसरा मागितला, तोही चावला, आणि अप्पांचं कार्ड मागून घेऊन खिशात टाकलं. पंधरवड्यात त्याचा मेल आला. डाळ पसंत आहे, दर महिन्याला ट्रकभर हवी, भाव कळवा.

तो मेल मी अप्पांना दोनदा वाचून दाखवला. नवी तूर मोंढ्यात यायला फार दिवस उरले नव्हते, बसवराज दर रविवारी येऊन जागेची मापं घेऊन जात होता, आणि इथे मिल वाचवणारी ऑर्डर पडद्यावर उघडून बसली होती. मी बोटं कीबोर्डावर ठेवून म्हटलं, "सांगा भाव."

"लिही," अप्पा म्हणाले. "आपले पत्र पावले, आनंद झाला. आपल्या घरची मंडळी खुशाल असतील. आपण एकडाव लातूरला यावे. मुक्कामानं यावे."

"भाव, अप्पा!"

"आल्यावर सांगू. इज्जतीत."

मी ओरडले. क्लासमधली मुलं टाईप करायची थांबली. मी त्यांना म्हणाले, हा माणूस दुसऱ्या कुणाकडे जाईल, त्याला शंभर मिलवाले सापडतील, तुमच्या रुमालापायी सगळं बुडेल. अप्पांनी शांतपणे एक पुडी सोडली आणि माझ्यापुढे ठेवली. त्या क्षणी ती पुडी खिडकीतून गंजगोलाईत फेकावी असं मला वाटलं होतं.

आणि श्रीनिवास आला. माझं हसं झालं म्हणा. दोन-तीन मेल झाले, त्याला काय वाटलं कोण जाणे, एका सकाळी गाडी करून तो मिलच्या अंगणात उतरला. अप्पांनी मला बोलावून घेतलं, बसवराजही नांदेडहून आला होता. आधी खरोखरीचा तांब्या आणि गूळ. मग मिल दाखवणं झालं. मग बाजेवर सतरंजी, आणि अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला.

श्रीनिवास हसायला लागला. "अप्पा, ये क्या है? मेरेकू नई आता ये."

"मैं सिखाता ना. ये पकड्या तो दस, ये पकड्या तो एक. बोलो अब."

तो तरुण माणूस गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता आणि बोटं धरत होता. हळूहळू त्याचं हसू थांबलं आणि तो गंभीर झाला. रुमालाखाली बराच वेळ हालचाल चालली. बसवराज आणि मी बाजूला उभे होतो. शेवटी अप्पांनी मान हलवली, श्रीनिवासनं हलवली. भाव जुळला होता. बसवराजनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या अबोल माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा सुटका झाल्यासारखं काही बघितलं. बापाशी हरायला तो राजी होता.

श्रीनिवास म्हणाला, "तो पक्का. बोरे हम भेज देते. हमारे नाम के छपे हुए हैं, उसमेच भर देना."

अप्पांचा हात रुमालाखालून बाहेर आला.

"आन् गौरव्वा?" ते मराठीतच म्हणाले.

श्रीनिवासला समजेना. बसवराजनं त्याला सगळं समजावून सांगितलं, आजीचं, जात्याचं, कराराचं. श्रीनिवास खरंच चांगला माणूस होता. त्याचा चेहरा उतरला. कंपनीचा नियम आहे, दुकानात दुसऱ्याचं नाव चालत नाही, मी नोकर माणूस, असं तो म्हणाला. अप्पांनी विचारलं, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तरी? तो म्हणाला, विचारून बघतो. तिथूनच त्यानं फोन लावला, अंगणात फेऱ्या मारत बराच वेळ बोलला. परत आला तो दुरूनच नकाराची मान हलवत.

"नक्को मग," अप्पा म्हणाले. "खाना खाके जाव."

आणि त्यांनी त्याला शेडमध्ये पाटावर बसवून, शेजारी बसून, आग्रह करकरून जेवू घातलं.

मी अंगणात त्यांना गाठलं. मी म्हटलं, "अप्पा, नाव राहू द्या बाजूला. मिल तर राहील! माणसांची कामं राहतील. पुढच्या वर्षी नावाचं बघू."

"अक्का," ते म्हणाले, "नावच न्हाई तर मी मिल कशापायी राखून राहिलो?"

"हा हट्ट आहे."

"हाव. हट्टच हाय."

बसवराज गाडी काढून निघून गेला. मीही न जेवता घरी आले आणि नवऱ्यावर चिडले. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

नवी तूर आली. अप्पांनी करार पाळला. मशिनं उदगीरच्या कुणीतरी नेली, शेडचे पत्रे उतरले, आणि अंगणात चुन्याच्या रेघा पडल्या. अप्पा माझ्याकडे आले, खुर्चीत बसले, आणि म्हणाले, साईट काढून टाक. मी काढली. ते काम मात्र एका झटक्यात झालं. वीज गेली नाही, लाईन तुटली नाही. मला अप्पांचा राग होता, आणि ते जिना उतरून गेल्यावर मी रडले, हेही सांगते. एवढ्या हट्टी माणसासाठी कुणी रडू नये. पुढे ते बसवराजकडे नांदेडला राहायला गेले. माझा क्लासही काही वर्षांनी बंद झाला. इंटरनेट सगळ्यांच्या खिशात गेलं, माडी चढून कोण येणार?

यंदा आईकडे नांदेडला गेले होते. भाजीबाजारात बसवराज भेटला. केस पांढरे झालेले, बोलणं तेवढंच. "अप्पा आठवण काढतात. घर इथंच आहे," म्हणाला आणि माझी पिशवी हातात घेऊन चालायला लागला.

अप्पा टेबलाशी जेवायला बसले होते. पार वाळून गेलेत. कपाळावरचे पट्टे तेवढे तसेच ठसठशीत. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "अक्का! बस. हिला ताट वाढ." सुनेनं, महानंदानं, मला वरण-भात वाढला. मी दोन घास खाल्ले असतील. अप्पा घास तोंडात धरून थांबले.

"ही डाळ कुठली?"

"मोबाईलवरून मागवली, मामंजी. काल नाही का तो पोरगा देऊन गेला?"

"पाकीट आण."

"जेवा ना आधी," बसवराज म्हणाला. पण पाकीट आलं. अप्पांनी ते उजेडाकडे धरलं, पालथं केलं, पुन्हा उलटं केलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं.

"लातूरची हाय."

महानंदा हसली. "ताई, यांना सगळीच डाळ लातूरची वाटते. परवा हरभऱ्याच्या डाळीला म्हणाले."

"अक्का, तू वाच. हितं मिलचं नाव हाय का?"

मी वाचलं. विकणाऱ्या कंपनीचं नाव होतं, दूरच्या एका शहराचा पत्ता होता, तक्रारीसाठी नंबर होता. "नाही अप्पा. मिलचं नसतं. विकणाऱ्याचं असतं."

"कुणीतरी भरडली असंल की ही."

"असेल ना."

"मंग त्यांना मेल कर. म्हणावं, डाळ चांगली हाय. दाणा जाड हाय, शिजून मऊ होतो. असं इज्जतीत लिही. आन् ज्यानं भरडली, त्याचं नाव कळवा म्हणावं."

मला पुन्हा तोच जुना संताप आला. मी म्हटलं, "अप्पा, तिकडं माणूस नसतं हो आता. मशीन उत्तर देतं. कुणी वाचत नाही."

"तू लिही तर."

बसवराजनं कपाळाला हात लावला. महानंदानं तिचा मोबाईल माझ्यापुढे सरकवला. मी त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द, लिहिलं आणि पाठवलं. बोट उचलायच्या आत उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

"काय म्हणले?"

बसवराज माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "बघून सांगतो म्हणाले."

अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी ताट बाजूला सारलं, खरकटा हात पंचाला पुसला, मोबाईल आपल्यापुढे नीट मांडून ठेवला आणि खुर्चीत ताठ बसले.

"भात निवला, अप्पा," बसवराज म्हणाला. "उठा, थोडं पडा."

"तू जा. अक्का, तुला बी उशीर होत असंल, तुझी माय वाट बघत असंल. मी हाय हितं. जबाब यील."

दाराशी येऊन मी चपला घातल्या आणि वळून बघितलं. मोबाईलचा उजेड गेला होता. अप्पांनी एक बोट लावून तो पुन्हा लावला, आणि तसेच बसून राहिले.